पुढची रांग रॉसिटरवाल्यांची

ही घटना खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने मिशिगनमधल्या आमच्या हॅस्केट गावी यावं आणि डायलिसिसच्या दवाखान्यासमोर पहिल्या रांगेत आपली गाडी लावून दाखवावी. त्या दिवसानंतर अजून कोणी लावलेली नाही.

तारीख होती १४ जानेवारी २०१४. मंगळवार. सकाळचे साडेदहा वाजले होते, म्हणजे अंधाराचा काही संबंध नाही. स्वच्छ ऊन होतं.

ज्यांच्यावर हे गुदरलं ती माझी सख्खी मावशी, ॲग्नेस शोल्टिस. तिचा नवरा रे काका. आणि त्यांची मुलगी डोरीन. डोरीनने मला हे तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

आधी रॉसिटरबद्दल सांगायला हवं.

आमच्या गावात रॉसिटर ही नुसती गाडी नव्हती. दोघा भावांनी चुलींचा कारखाना मोडून १९१९ मध्ये पहिली रॉसिटर बनवली. पंचावन्न साली तिथे नऊ हजार माणसं तीन पाळ्यांत कामाला होती. डॉक्टर, वकील, लग्नातली नवरी, सगळ्यांना रॉसिटर रीजंट हवी असायची. पुढच्या जाळीवर इतकं क्रोम की लोक त्यात बघून केस विंचरायचे. रे काका त्या कारखान्यात अठराव्या वर्षी लागला. मीही रंगखात्यात अठरा वर्षं काढली.

मग पेट्रोल महागलं आणि जपानी छोट्या गाड्या आल्या. रीजंट आखूड झाली, क्रोमच्या जागी प्लास्टिक आलं. कंपनी एकाने घेतली, मग दुसऱ्याने. शेवटी शेवटी दुसऱ्याच कोणाच्या तरी गाडीवर आमच्या नावाची पट्टी चिकटवायचे. २००३ मध्ये तेही थांबलं. कारखाना पाडला. उरलं फक्त पार्किंग.

आणि या पार्किंगचा एक नियम होता.

फाटकाजवळचं पुढचं पार्किंग फक्त रॉसिटरवाल्यांचं. ज्याच्याकडे दुसरी कुठली गाडी असेल त्याने ती रेल्वेच्या रुळांपलीकडे, मागच्या पार्किंगमध्ये लावायची आणि तिथून बर्फातून पाऊण मैल चालत यायचं. हा नियम कंपनीने केला नव्हता. कामगारांच्या समितीने मागून घेतला होता, आणि समितीत सगळ्यात मोठा आवाज रे काकाचा होता.

एमेट व्हॉस नावाचा एक जण होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि मेव्हण्याने दिलेली परकी गाडी. तो काकाकडे आला. "रे, या हिवाळ्यापुरती पुढे लावू दे."

काका सगळ्यांसमोर म्हणाला, "पाय दुखतोय ना? मग रॉसिटर घे. सीट मऊ आहे."

सगळे हसले. मीही हसलो होतो, खोटं कशाला सांगू.

नियम पाळून घ्यायचं काम ल्यूथर बीम या रखवालदाराचं. उंच, मुका वाटावा इतका अबोल माणूस. परकी गाडी दिसली की तो हातातल्या अंगठीने टपावर दोनदा ठोकायचा. टक् टक्. मग वायपरखाली पिवळी चिठ्ठी, निळ्या पेन्सिलीत: "चुकीची जागा. मागे न्या." त्याने कधी कोणाला सूट दिली नाही. कारखाना बंद झाला त्याच वर्षी तो वारला. आम्ही त्याला मातीही दिली.

आता मावशीकडे येतो. तिची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दवाखाना नवा बांधला होता, आणि तो बांधला होता बरोबर कारखान्याच्या पुढच्या पार्किंगवर.

दोन वर्षं काका तिला रीजंटमधूनच न्यायचा. दारापर्यंत गाडी आणून, उतरून, तिच्या बाजूचं दार उघडायचा. मग रीजंटचा गिअरबॉक्स गेला. काकाने टोलेडोपर्यंतचे भंगारवाले पालथे घातले. कंपनीच मेलेली, तर भाग कुठून मिळणार?

मावशी म्हणाली, "माझ्यासारखंच झालं तिचं. आतलं गेलं आणि बदली मिळत नाही."

काका त्यावर हसला नाही.

मग डोरीन कोलंबस शहरातली नोकरी सोडून आली. तिच्याकडे छोटी जपानी गाडी होती. काका त्या गाडीत बसताना मान खाली घालून बसायचा, शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून.

पहिला प्रकार डिसेंबरात झाला.

डोरीनने गाडी पहिल्या रांगेत लावली. मावशीला आत बसवलं. चार तासांनी तिला घेऊन बाहेर आली, तर...

गाडी नव्हती.

चोरी म्हणून पोलीस बोलावले. पोलिसांनी तासाभरात शोधून काढली. रुळांपलीकडे, मागच्या पार्किंगच्या ओसाड सिमेंटवर, एका रेषेत नीट लावलेली. कुलूप बंद. किल्ली डोरीनच्या खिशात. रात्रभर बर्फ पडला होता, आणि गाडीच्या भोवती...

एकही चाकाची खूण नव्हती.

"पोरांचा चावटपणा असेल," पोलीस म्हणाला. पण त्याने वही लगेच मिटली, हे डोरीनच्या लक्षात आलं.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. त्या वेळी वायपरखाली काहीतरी होतं.

डोरीनने ती चिठ्ठी घरी आणून टेबलावर ठेवली. काका सूप पीत होता. त्याने चमचा खाली ठेवला. मग ती निळी अक्षरं वाचली.

"कोणाचं अक्षर आहे, पप्पा?"

"ल्यूथरचं."

"ल्यूथर बीम? तो तर..."

"माहीत आहे मला. खांदा दिलाय मी त्याला."

मावशी सोफ्यावरून म्हणाली, "तो चुकत नाहीये, रे. तुमचाच नियम पाळतोय."

पुढचे काही दिवस त्यांनी सगळं करून पाहिलं. शेजाऱ्याची गाडी घेतली. टॅक्सी करून थांबवून ठेवली. दोन्ही तशाच रुळांपलीकडे गेल्या. मावशीला सोडून डोरीन गाडीतच बसून राहिली, तेव्हा काही झालं नाही. पण ती कॉफी आणायला पाच मिनिटं उठली आणि परत आली तर जागा रिकामी. डायलिसिसनंतर मावशीला उभं राहवत नसे. तिला थंडीत तासभर बाकावर बसवून डोरीन रुळांपलीकडे धावत जायची. आई अशीच एक दिवस बाकावर संपेल, या भीतीने तिची झोप उडाली.

"दुसऱ्या दवाखान्यात नेऊ," ती म्हणाली.

"सत्तर मैल आहे. आणि तिथे जागा नाही, नाव लिहून ठेवलंय त्यांनी," काका म्हणाला. "थांब. मी बोलतो त्याच्याशी."

"कोणाशी?"

काकाने टोपी घातली आणि निघाला.

ल्यूथरच्या चौकीचा फक्त सिमेंटचा ओटा उरला आहे, दवाखान्याच्या कुंपणापाशी. भर दुपारी काका तिथे जाऊन उभा राहिला. डोरीन दहा पावलं मागे होती. तिने बापाला आयुष्यात कोणासमोर टोपी काढताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्याने काढली.

"ल्यूथर," तो म्हणाला. "आठवड्यातले तीनच दिवस आहेत. बायको आजारी आहे. पुढे लावू दे."

कुठे काही हललं नाही.

"एमेटला मी नाही म्हणालो होतो. सगळ्यांसमोर हसलो त्याला. ते चुकलं माझं. पण हिने काय केलंय? हिने तर कधी दुसरी गाडी घेऊच दिली नाही मला."

वारा पडला होता. जवळपास एकही गाडी नव्हती, पत्र्याचा एक तुकडाही नव्हता. आणि तरीही काकाच्या अगदी कानाशी...

टक् टक्.

टपावर अंगठी वाजावी तसं. दोघांनीही ऐकलं.

काका रडत रडत हसला. "ऐकलंस? हो म्हणाला तो."

डोरीनला तसं वाटलं नाही. पण बापाचा चेहरा बघून ती गप्प बसली. ते गप्प बसणं तिला अजून छळतं.

कारण त्यानंतर खरंच तीन आठवडे गाडी जागेवर राहिली. नाताळ झाला. मावशीने स्वतःच्या हाताने कोबीचे रोल केले. काका जपानी गाडीत मान वर करून बसू लागला.

मग तो मंगळवार आला.

साडेदहाच्या सुमारास खुर्चीवरच मावशीचं हृदय अडखळायला लागलं. नर्सने यंत्र थांबवलं, रुग्णवाहिका बोलावली. सहा मिनिटांत आली. दारातच लागली, डोरीनने काचेतून लाल दिवा पाहिला. ड्रायव्हर केंड्रा नावाची मुलगी होती, ती गाडीतच थांबली. तिचा जोडीदार स्ट्रेचर घेऊन आत आला. मावशीला त्यावर घेतलं. मावशी शुद्धीवर होती, काकाचा हात तिने घट्ट धरला होता.

दार सरकलं.

बाहेर रुग्णवाहिका नव्हती.

जोडीदाराने वायरलेस काढला. "केंड्रा, कुठे गेलीस?"

"कुठे म्हणजे? दारात आहे. तुमच्या दाराकडेच बघतेय. आणा ना बाहेर."

"आम्ही बाहेरच उभे आहोत."

"मला दार बंद दिसतंय." ती थांबली. मग म्हणाली, "एक मिनिट हं. कोणीतरी म्हातारा माणूस आलाय गाडीपाशी. उंच आहे. तो..."

वायरलेसमधून आवाज आला. तिथे उभ्या प्रत्येकाने तो ऐकला.

टक् टक्.

मग केंड्राचा आवाज, आता अगदी बारीक. "हे कुठलं ठिकाण आहे? मी कुठे आहे?"

डोरीनने पार्किंगकडे पाहिलं. तिला आपल्या गाडीतून आईला न्यायचं होतं. पण तिची गाडी नव्हती. नर्सेसच्या गाड्या नव्हत्या. डॉक्टरांची नव्हती. सकाळी भरलेलं सगळं पार्किंग रिकामं होतं, आणि रुळांपलीकडे, लांब, ऊन पडलेल्या सिमेंटवर सगळ्या गाड्या एका रेषेत उभ्या होत्या. शेवटी रुग्णवाहिका. तिचा लाल दिवा फिरताना दिसत होता.

केंड्राने गाडी वळवली. ती रुळांवरच्या रेल्वे फाटकाकडे यायला निघाली...

आणि फाटक पडलं.

मालगाडी आली. लांबलचक. डब्यांवर दोन मजल्यांत नव्या कोऱ्या गाड्या चढवलेल्या, कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या. एकही रॉसिटर नाही. चालत्या डब्यांच्या फटींतून लाल दिवा दिसायचा, जायचा, दिसायचा. डोरीन रुळांपर्यंत धावली. तिला ओरडायचं होतं, पण ओरडून मालगाडी थांबते का? ती डबे मोजत राहिली. दुसरं काही करता येत नव्हतं.

दुसरी रुग्णवाहिका यायला पस्तीस मिनिटं लागणार होती.

दारात स्ट्रेचरपाशी काका गुडघ्यांवर बसला होता. नर्स मावशीची छाती दाबायच्या तयारीत होती. मावशीने डोळे उघडले आणि त्याच्याकडे पाहिलं. रविवारी चर्चला निघताना म्हणायची तशाच आवाजात म्हणाली, "रे, गाडी काढ ना."

काका म्हणाला, "काढतो, ॲगी. आत्ता आणतो."

तो उठला नाही. उठून जाणार कुठे? रीजंट घरी गॅरेजमध्ये मरून पडली होती.

मालगाडी गेली तेव्हा मावशीला जाऊन चार मिनिटं झाली होती.

केंड्राने पुढच्याच आठवड्यात नोकरी सोडली. चौकशी झाली. कॅमेऱ्यात रुग्णवाहिका दारात उभी दिसते. पुढच्या चित्रात नाही. मधलं काहीच नाही. अहवालात यंत्राचा बिघाड असं लिहिलं आहे.

मावशीला पुरल्यावर तिसऱ्या दिवशी काकाने दोरखंड बांधून, एका ट्रॅक्टरवाल्याकडून रीजंट ओढत आणली आणि दवाखान्याच्या अगदी दारासमोर उभी केली. चाकांत हवा नाही, इंजिन चालू होत नाही. मावशीच्या बाजूचं दार त्याने उघडं ठेवलं. रात्र पडेपर्यंत तो तिथे तसाच उभा होता, दार धरून. शेवटी डोरीनने त्याला हाताला धरून घरी नेलं.

दवाखान्याने ती गाडी तीन वेळा उचलून नेली. तिन्ही वेळा सकाळी ती परत दारात होती. आता कोणी हात लावत नाही. काकाही गेला, गेल्या वर्षी. रीजंट आहे. ती पहिली रांग सोडून लोक मागच्या रांगांत गाड्या लावतात आणि बिनबोभाट आत जातात. सहसा गाड्या जागेवर राहतात. सहसा.

मी यात कुठलाही अर्थ लावत नाही. मला तो लागत नाही. ल्यूथरला सूट द्यायची नव्हती, तर मधले तीन आठवडे का दिले? काकाला पुरतं कळावं म्हणून? रात्री कधी कधी मला एमेट व्हॉसचा तो लंगडत चालणारा पाय आठवतो, आणि माझं स्वतःचं हसणं ऐकू येतं.

हे सगळं आत्ताच का लिहितोय, तेही सांगतो.

मार्चपासून माझ्या पायांवर सूज आहे. गेल्या शुक्रवारी डॉक्टरांनी रिपोर्ट दाखवला. म्हणाले, आता थांबून चालणार नाही. आठवड्यातून तीनदा. गावातलाच दवाखाना. येत्या मंगळवारी सकाळी साडेसातची वेळ दिली आहे.

डोरीन म्हणाली, "मी सोडते तुला. गाडीतून हलणार नाही. कॉफीलासुद्धा नाही."

मी हो म्हणालो.

काल दुपारी अंगणात माझी गाडी धूत होतो. भोवती कोणीच नव्हतं. बादली उचलायला वाकलो आणि डोक्यावर, टपावर...

दोनदा वाजलं.

माझ्याकडे रॉसिटर नाही. चालणारी रॉसिटर आता कोणाकडेच नाही.