मयताची खबर

राहूच्या शिवारात गुऱ्हाळं पेटली की दुपारची झोपसुद्धा गोड वासाची लागते. गावची पोलीस पाटील अनिता त्याच वासात नांदायला आलेली. आज मात्र गुऱ्हाळाच्या दारात तिला तो वास नकोसा झाला होता.

शेजारी मांडवगणहून आलेली रोशनबी उभी होती. तिचा लेक बिलाल इथं सोपानरावांच्या गुऱ्हाळावर गूळ करणारा गुळव्या. परवा पाय घसरून तो रसाच्या उकळत्या काईलीत पडला, असं कुणा मजुरानं तिला फोनवर सांगितलं होतं. मग तो फोन बंदच झाला.

"आबा, बिलाल कुठं हाय?" अनितानं विचारलं. सोपानराव तिचे चुलत सासरे.

"गेला पळून. नदीपल्याडचं माणूस, त्याचा काय भरवसा?"

"त्याची चप्पल हितंच हाय की," चुलवाणाकडं बोट करत रोशनबी म्हणाली.

"मेला म्हंतीस तर मढं दाखव, म्हातारे."

अनिता पुढं झाली. "मढं तुम्ही दडवायचं, आन् दाखवायचं तिनं? गावात असं कुणी मेलं तर ठाण्याला कळवणं माझं काम हाय, आबा."

"सून हायेस. सुनंवानी ऱ्हा."

तिनं त्यांच्यादेखतच फोन लावला.

हवालदार येईपर्यंत दोघी गुळाच्या खोलीत थांबल्या. रोशनबीनं टेकायला म्हणून एका ढेपेवर हात ठेवला आणि ती अनिताकडं बघतच राहिली. अनितानंही हात लावला. आजूबाजूच्या ढेपा दगडासारख्या गार होत्या. ही निजलेल्या माणसाच्या पाठीसारखी उबदार होती.

"ही कवाची?" तिनं दारातल्या मजुराला विचारलं.

"परवाची." तो उंबऱ्याच्या आत येईना. "गारच हुईना, ताई."

"त्याच काईलीतली?"

त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"रससुद्धा वाया जाऊ दिला न्हाई व्हय रे तुम्ही!" अनिता ओरडली. रोशनबीनं मात्र हात ढेपेवरून काढला नाही.

हवालदार ईश्वर आला तो सोपानरावांचा चहा पिऊनच. "बाई, मढंच न्हाई, तर पंचनामा कशाचा करू?"

अनितानं त्याचं मनगट धरलं आणि तळवा ढेपेवर टेकवला.

त्यानं झटक्यात हात ओढून घेतला. मग हात पँटला पुसत राहिला.

"भट्टीचा ताव हाय तो," सोपानराव दारातून म्हणाले.

ईश्वरनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. "काहीतरी पांढरं घाला वरून," तो हळूच म्हणाला.

रोशनबीनं डोईची पांढरी ओढणी काढून ढेपेवर पसरली. ईश्वर उकिडवा बसला. गुडघ्यावर कागद घेतला.

"नाव?"

"बिलाल सुभान."

बाहेर चरकाचं इंजिन बंद पडलं. कुणी बघायला गेलं नाही.

ईश्वरनं 'मयत' हा शब्द लिहिला.

ओढणी खालीवर हलायची थांबली.

तोवर ती हलत होती, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.