टॅनरी स्ट्रीटचा उतारू

लोरेटा हुडाकने बावीस वर्षं त्या मार्गावर सहा डब्यांच्या जड गाड्या चालवल्या होत्या. त्या प्रत्येक स्टेशनावर आपसूक थांबायच्या. वसंतात त्या मोडीत निघाल्या आणि एका डब्याच्या हलक्या गाड्या आल्या. यांचा तळ रुळांना टेकल्यासारखा, म्हणून कमरेइतके उंच फलाट कापून घोट्याइतके खाली आणले. आणि उतरायचं असेल तर पिवळं बटण दाबून घंटी वाजवायची. कोणी दाबलं नाही, फलाटावरही कोणी नसलं, तर गाडी न थांबता पुढे.

टॅनरी स्ट्रीटला कोणीच दाबत नसे. तिथला चामड्याचा कारखाना कधीच बंद पडला होता, आणि वरच्या रस्त्यावरून फलाटावर आणणारा नवा सिमेंटचा उतार रिकामाच असे.

नोव्हेंबरातला सोमवार. दुपारचे पावणेपाच, तरी सरोवरावरून आलेल्या धुक्याने सगळं करडं झालेलं. टॅनरी स्ट्रीट जवळ आलं तसं लोरेटाला आरशात दिसलं, मागच्या दारापाशी कोणीतरी येऊन उभं राहिलंय. तपकिरी कोट, हातात जेवणाचा पत्र्याचा डबा. डोकं आरशाच्या कडेपलीकडे गेलेलं. घंटी वाजली नाही, गाडी पुढे निघाली. पुढच्या स्टेशनावर तिने वळून पाहिलं. दाराशी कोणी नव्हतं. फक्त ओल्या कातड्याचा आणि मिठाचा वास.

मंगळवारी पुन्हा तेच.

कंट्रोलमध्ये बसणाऱ्या कर्टिस ब्लेडसोला तिने चहाच्या सुट्टीत सांगितलं. तो खो खो हसला.

"बटण दाबायला हात नाहीत का त्याला?"

"हात आहेत रे. बटण असतं हेच त्याला माहीत नसेल."

"बाई, आधी चष्म्याचा नंबर तपासून घे. आणि उगाच थांबू नकोस हं तिथे. उशिराचे दोन शेरे पडलेत तुझ्यावर. तिसरा पडला की गाडी गेली हातातून."

पण लोरेटाच्या डोक्यातून ते जाईना. भीती होतीच, पण त्याहून जास्त कुतूहल. बिचारा रोज उतरायला उठतो, उतरणं राहून जातं... मग जातो कुठे?

बुधवारी तो उभा राहिला तेव्हा तिने हात वर करून आरसा कलता केला. कॉलर दिसली. कॉलरच्या वर थेट गाडीचं छत होतं. तिने आरसा खाली वळवला. बूट जमिनीवर नव्हते. बाकांच्या उंचीवर, हवेत, पण घट्ट रोवलेले. जुन्या गाडीचा तळ जिथे असायचा, बरोबर तिथे.

तिने ब्रेक लावला.

दारं उघडली. मोबाइलात मान घातलेल्या चार-दोन प्रवाशांनी वरही पाहिलं नाही. तो बाहेर पडला. पाऊल खाली न टाकता, सरळ रेषेत, कापलेल्या फलाटाच्या वरून चालत तो धुक्यात गेला.

वायरलेस खरखरला. "लोरेटा... का थांबलीस?" कर्टिसच्या आवाजात आज थट्टा नव्हती.

"एकाला उतरायचं होतं."

"ऐक. तुझी गाडी एका डब्याचीच ना?"

"का रे?"

"इथे पडद्यावर... रूळ पार मागच्या पुलापर्यंत गाडीने भरलेला दिसतोय. सहा डब्यांएवढा. तू निघ तिथून. आत्ताच्या आत्ता."

तिने दार बंद करायचं बटण दाबलं. तिच्या डब्याची दारं मुकाट मिटली. मग मागे, धुक्यात, जड लोखंडी दारं धाडकन आपटत गेली. एक. दोन. तीन. चार.

ती कान देऊन थांबली. तिचा हात आपोआप ब्रेकवरच राहिला. दार उघडं असताना तिने बावीस वर्षांत एकदाही गाडी हलवली नव्हती.

"लोरेटा, निघ म्हणतोय ना!"

"एक दार उघडंच आहे अजून," ती हळूच म्हणाली. "कोणीतरी धरून ठेवलंय... मागून येणाऱ्यासाठी."

आणि मग तिला ऐकू आलं. वरच्या रस्त्यावरून कोणीतरी घाईघाईने, लोखंडी पायऱ्या खडखडवत, धावत खाली येत होतं.

टॅनरी स्ट्रीटचा जिना मे महिन्यातच तोडून नेला होता.