न रडणाऱ्या मुलांची शाळा

शर्वरीच्या हातावर उकळता चहा सांडला, तेव्हा ती ओरडली नाही. अकरा वर्षांच्या त्या मुलीनं डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि स्वतःच नळाकडे चालू लागली.

"दुखतंय का गं?" तिच्या आईनं, शलाकानं, धावत येऊन विचारलं.

"दुखतंय. मी बघतेय त्याच्याकडे."

शर्वरीच्या उजव्या कानामागे स्थिरपट्टीचा हिरवा ठिपका मंद उजळला होता. चंद्रपुरातल्या तिच्या शाळेनं गेल्या वर्षी सगळ्या मुलांना या पट्ट्या दिल्या होत्या. पट्टी नाडीचे ठोके आणि त्वचेचा घाम मोजायची. भावना उसळली, की कानामागच्या हाडातून एक मऊ आवाज यायचा, 'काहीतरी आलं आहे. त्याला ढकलू नकोस. नुसतं पाहा.' मुलाच्या भीतीला घरातली भीती खतपाणी घालते, म्हणून आईवडिलांनाही पट्टी सक्तीची होती. शलाकाच्या कानामागेही ती होती.

आणि पट्टीचा उपयोग झाला होता, हे शलाका नाकारू शकत नव्हती. पूर्वी परीक्षा जवळ आली की शर्वरीचे हात गार पडायचे, उलट्या व्हायच्या, श्वास कोंडायचा. आता ती शांत झोपायची. मुख्याध्यापिका वैरागडेबाईंचे शलाकानं हात जोडून आभार मानले होते.

पाण्याखाली हात धरताना तिनं मुलीची बाही वर सारली. कोपराच्या वर भाजल्याचा एक सरळ, लालभडक पट्टा होता. त्यावर फोड आले होते. हा चहाचा नव्हता.

"हे कशानं झालं?"

"पत्र्याला टेकले होते. खेळाचं सामान ठेवायची खोली आहे ना, तिथे. फार प्रश्न विचारले की धोटे सर तिथे ठेवतात."

"ठेवतात म्हणजे?"

"बाहेरून कडी लावतात."

उद्या सुट्टी आहे, असं सांगावं तशा आवाजात तिनं हे सांगितलं. एप्रिल महिना. बाहेर सावलीतही उभं राहवत नव्हतं आणि त्या खोलीला तर छप्परही पत्र्याचं होतं.

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. मी तिला पाहिलं. मग ती गेली."

"भीती गेली. आणि दार?"

शर्वरीनं क्षणभर विचार केला. "दार बंदच होतं."

शलाकाच्या डोक्यात रक्त चढलं. त्याच क्षणी कानामागे मऊ आवाज आला, 'राग आला आहे. त्याला पाहा.' सवयीनं तिचा श्वास आपोआप लांबला, खांदे सैल पडले आणि राग पातळ होऊ लागला. ते जाणवताच ती हादरली. तिनं नखानं पट्टी ओरबाडून काढली. थोडी कातडीही निघाली.

शर्वरीला घेऊन ती तडक शाळेत गेली. वैरागडेबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं.

"तुमचा राग मी समजू शकते, ताई. आधी आपण दोघी एक श्वास घेऊ या."

"श्वास तुम्ही घ्या! माझी मुलगी त्या पत्र्याखाली गुदमरत होती."

"पण एकाही मुलाची तक्रार नाही हो. वर्षभरात एकही मूल रडत माझ्याकडे आलं नाही."

"तेच तर सांगतेय मी तुम्हाला!"

आवाज ऐकून शेजारच्या खोलीतून डॉक्टर देवतळे आल्या. पट्टीतून होणारा उपचार त्यांनी आखला होता आणि दर शनिवारी त्या शाळेत मुलांना तपासायला येत. त्यांनी शर्वरीचा दंड पाहिला. मग बाईंच्या टेबलावरचा संगणक स्वतःकडे वळवून पट्ट्यांची सेटिंग्ज उघडली.

"दुसरा टप्पा कुणी बंद केला?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर शलाकाकडे वळल्या. "पहिल्या टप्प्यात मूल भावनेपासून पळायचं थांबतं. हे अर्धंच काम झालं. दुसऱ्या टप्प्यात पट्टी विचारते, ही भावना तुला काय सांगते आहे? तुला काय हवं आहे? त्यासाठी कुणाकडे जाशील? ते सगळं इथे बंद आहे. कितीतरी महिने."

"मुलं फार उलट बोलायला लागली होती, डॉक्टर," बाई म्हणाल्या. "शिक्षकांच्या चुका काढायची. संस्थेनं निर्णय घेतला. शेवटी मुलं शांत झालीच ना?"

"शांत नाही, गप्प!" डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला. "भीती आली तर तिला बसायला जागा द्या, असं म्हटलं होतं मी. लेकरांना कोंडा आणि भीतीकडे बघत बसवा, असं नव्हतं म्हटलं!"

शलाकानं त्याच दुपारी पोलिसांत तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात पालक जमले. पण त्यांचा राग शाळेवर नव्हता, शलाकावर होता. पट्ट्या जातील याची सगळ्यांना धास्ती होती.

"आमचा पोरगा आता झोपते, मॅडम," एक गृहस्थ उठून म्हणाले. "आधी भिंतीवर डोकं आपटे. काहून बिघडवता सगळं?"

ते खोटं बोलत नव्हते. शलाका त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "दादा, तो त्या खोलीत गेला होता का, एवढं फक्त विचारा त्याला."

त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. विचारलं, ऐकलं आणि फोन हळूच खाली घेतला. "लई वेळा गेलो म्हणते. आन मला सांगत होता की शाळा मस्त आहे." त्यांच्या कानामागे हिरवा ठिपका उजळला. त्यांनी पट्टी उपटून जमिनीवर फेकली आणि असे ओरडले, की पुढच्या रांगेतल्या बायका दचकल्या. एकेक करत फोन लागू लागले. इतका आरडाओरडा त्या शाळेनं वर्षभरात ऐकला नव्हता.

मुलांच्या पट्ट्या एकदम काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. संध्याकाळी त्यांनी शर्वरीच्या पट्टीवर दुसरा टप्पा सुरू केला. पलंगावर बसलेल्या शर्वरीनं कान देऊन काहीतरी ऐकलं. तिच्या मुठी वळल्या.

"मी सांगितलं होतं तुला!" ती किंचाळली. "पहिल्यांदा कोंडलं ना, त्याच दिवशी सांगितलं होतं. तू म्हणालीस, श्वास घे, होईल ठीक!"

शलाकाला तो दिवस आठवेना; तेव्हा तिच्याही कानामागे तोच मऊ आवाज होता. काहीतरी बोलून तिला गप्प करावं, असं तिच्या मनात आलं, पण ती बोलली नाही. मुलीच्या मुठी छातीवर घेत ती नुसती बसून राहिली. शर्वरी मोठमोठ्यानं रडत होती. समोरच्या घरातल्या माणसांनी खिडकी उघडून पाहिलं.

खूप वेळानं शर्वरी थांबली. नाक पुसत म्हणाली, "या पट्ट्या दुसऱ्या शाळांमध्येपण आहेत ना, आई?"

"आहेत. पुष्कळ शाळांमध्ये."

"मग तिथे कुणाला कोंडलं असेल आणि ते रडतच नसेल, तर कुणाला कळणार?"