गुरुवारही चालेल

ड्वेन हॉफर लिफ्ट दुरुस्त करायचा आणि ज्या इमारतीत राहायचा तिला लिफ्ट नव्हती. रोज संध्याकाळी तिसरा मजला गाठेपर्यंत तो या गोष्टीवर एखादा नवा विनोद रचायचा आणि दार उघडणाऱ्या बायकोला, लव्हिनाला, तो ऐकून घ्यावा लागायचा. सप्टेंबरातल्या त्या संध्याकाळी मात्र विनोद आला नाही.

"ठरवलंय मी," तो धापा टाकत म्हणाला. "नोव्हेंबरात शनिवार-रविवार आपण बाहेर जायचं. अमिश लोकांकडे. शेतावरचं घर, लाकडाची शेगडी, गोधड्या, घोडे. वीज नाही, म्हणजे मला कुणी काही दुरुस्त करायला सांगणार नाही."

लव्हिना भांडी पुसत होती. "ड्वेन, मी अमिश आहे."

"होतीस."

"एकोणीस वर्षं त्या गोधडीखाली झोपलेय मी. तुझा मावसभाऊ नौदलातून सुटल्यावर सुट्टीत बोटीवर गेला होता का?"

"गेला होता की. आणि परत ओकला होता."

लव्हिनाने पुसलेली ताटली फळीवर ठेवली. खरं सांगायचं तर तिलाही जायचं होतं. कापलेल्या मक्याचा, घोड्यांचा, गरम पावाचा तो एकत्र वास रेडिंग शहरात कुठल्याच दुकानात मिळत नाही. तिने एकच अट घातली: माझ्या गावाजवळ नको. ड्वेनने कामावरच्या कुणाकडून तरी न्यू हॉलंडजवळच्या योस्ट बायलर नावाच्या शेतकऱ्याचा नंबर आणला. लव्हिनाच्या माहेरच्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. निदान तिला माहीत असलेला नव्हता.

अमिश हा जुन्या चालीने जगणारा ख्रिस्ती पंथ; त्यातला माणूस घरात फोन ठेवत नाही. शेताच्या कडेला लाकडाचं एक खोपटं असतं, त्यात फोन आणि निरोपाचं यंत्र. दिवसातून एकदा जाऊन निरोप ऐकायचे, उत्तरं ठेवायची आणि घरी यायचं. त्यामुळे सहलीची सगळी आखणी निरोपानिरोपीनेच चालली. ड्वेनने सांगितलं: दोघं येतोय, एक खोली, शनिवार-रविवार.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आवाज म्हातारा, सावकाश. "योस्ट बायलर बोलतोय. खोली आहे. गुरुवारही चालेल."

"गुरुवारचं विचारलं कोणी?" ड्वेन म्हणाला आणि त्याने पुन्हा शनिवार सांगितला.

"शनिवार म्हणता तर शनिवार," पुढचं उत्तर आलं. "पण गुरुवार बरा. बाकांची गाडी बुधवारी येते."

ड्वेनला हे इतकं आवडलं की त्याने ते मोठ्या आवाजात तीनदा लावलं. "बाकं! अरे बाबा, आम्हाला एक पलंग पुरे!"

लव्हिना हसली नाही. अमिश लोकांना चर्चची इमारत नसते. प्रार्थना दर वेळी कुणाच्या तरी घरी होते आणि बाकं एका करड्या, बंद गाडीतून घरोघर फिरतात. प्रार्थनेला तीच, मयताला तीच आणि लग्नालाही तीच. आणि नोव्हेंबरातला गुरुवार हा लग्नाचा वार.

असेल कुणाचं तरी लग्न, तिने स्वतःला सांगितलं. नोव्हेंबरात तिकडे दुसरं असतं काय?

मग ड्वेनने नाश्त्याची चौकशी केली. सकाळी अंडी मिळतील का, एवढंच.

"मिळतील," योस्टचा आवाज म्हणाला. "तीनशे माणसांचं होतंच आहे, त्यात दोघांचं काय एवढं. लव्हिनाला सांगा, सेलरी यंदा छान आलीय."

ड्वेन खो खो हसत होता. लव्हिनाने त्याच्या हातातून फोन घेतला.

"तू त्याला माझं नाव सांगितलंस?"

"सांगितलं असेन."

"असेन म्हणजे?"

"मी 'बायको' म्हणालो बहुतेक." त्याने आपली काळी, दाट दाढी खाजवली. तो विचार करतोय याची तेवढीच खूण असायची. "अगं, तुझ्या लोकांत लव्हिना म्हणजे प्रत्येक कुंपणाआड एक. अंदाजाने म्हणाला असेल."

हे खरं होतं. ते पटण्यासारखंही होतं. पण सेलरीचं काय?

सेलरीचं असं आहे की लग्नाच्या पंगतीला ही जाड दांड्यांची पालेभाजी ढीगभर लागते. मलईत शिजवून, कोंबडीच्या सारणात घालून आणि नुसती दांड्यांसकट काचेच्या बरण्यांत, फुलांसारखी, टेबलावर. त्यामुळे ज्या परसात जुलैत घराला संपणार नाही इतकी सेलरी दिसते, त्या घरात पोरीचं ठरलंय हे सगळ्या वस्तीला कळतं. बोलत कुणीच नाही. लव्हिना एकोणीस वर्षांची असताना तिच्या आईचं परस असंच हिरवंगार भरलं होतं. मुलाचं नाव एलम रील. केस वाळल्या गवताच्या रंगाचे, गाल गुळगुळीत, कारण लग्न होईपर्यंत दाढी ठेवायची नाही आणि झालं की काढायची नाही. प्रार्थनेत लग्न जाहीर व्हायच्या थोडं आधी लव्हिना रेडिंगच्या बसमध्ये बसली. त्या हिवाळ्यात तिच्या माहेरी रोज सेलरी खाल्ली गेली. त्याच हिवाळ्यात एलम गवताच्या माळ्यावरून खाली पडला. बहिणीने फोनवर सांगितलं होतं, दोन वाक्यांत, आणि मग हवापाण्याबद्दल बोलली होती.

ड्वेनला यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्यासोबत तिचा जो संसार होता तो याच्या नंतरचा होता, आणि तो तिला तसाच, नंतरचाच, हवा होता.

ऑक्टोबरात एका सुट्टीच्या दिवशी, ड्वेन कामावर असताना, ती गाडी घेऊन एकटी निघाली. फोनवर रद्द करता आलं असतं. पण त्या यंत्रात आपला आवाज ठेवून यायचं तिला नको वाटलं.

बायलरांचं शेत रस्त्यापासून आत होतं. पांढरं घर, हिरवे पडदे, दोरीवर काळे आणि निळे कपडे. सगळं जसं असायला हवं तसं. परसात एक जाडजूड बाई वाकून सेलरीच्या ओळींना माती लावत होती, दांडे पांढरे व्हावेत म्हणून. ओळी घरापासून ओढ्यापर्यंत गेल्या होत्या. हवेला तिखट, ओला, हिरवा वास होता.

"आलीस," बाई कंबर धरून उभी राहत म्हणाली. ती मलिंडा, योस्टची बायको. "मी ह्यांना म्हटलंच, बघायला येईल. कुठलीही पोर येईल."

ती घरच्या बोलीत बोलली होती, आणि लव्हिनाच्या तोंडून उत्तरही त्याच बोलीत गेलं. कित्येक वर्षांत तिने ती उच्चारली नव्हती. "तुमच्या मुलीचं लग्न आहे का?"

"मुलगी? आम्हाला पाचही मुलगेच. पाचही जेवणारे." मलिंडा हसली. "गेल्या प्रार्थनेत जाहीर झालं तुझं. बिशपने दोन्ही नावं वाचली, कुणाची हरकत आहे का विचारलं. कुणी काही बोललं नाही. एक बाळ तेवढं शिंकलं."

"कुणाची नावं?"

मलिंडाने तिच्याकडे असं बघितलं, जसं नवऱ्या मुलीकडे बघतात. भांबावलेली आहे, होईल ठीक.

"मावशी, माझं लग्न झालंय," लव्हिना म्हणाली. "आणि एलम मेला."

"मेलाच की. आम्ही गेलो होतो ना मयताला. याच बाकांवर बसलो होतो." मलिंडाने हातावरची माती झटकली. "तू निरोप ठेवलास म्हणून आम्ही सेलरी लावली. नाहीतर एवढी कोण लावतंय? पाठ मोडते."

योस्ट तिला खोपट्याकडे घेऊन गेला. उंच, वाकलेला, नम्र माणूस. आत एक खुर्ची, एक फोन, खिडकीत मेलेल्या माश्या. त्याने यंत्राचं बटण दाबलं आणि सभ्यपणे बाहेर जाऊन उभा राहिला.

आवाज तिचा होता. घरच्या बोलीत, एकोणीस वर्षांच्या पोरीच्या घाईने. *मी लव्हिना. सेलरी लावून ठेवा. आम्ही दोघं येतोय.* मागे खसखस ऐकू येत होती, कोरड्या गवतात कुणी पाय ओढत चालल्यासारखी.

"हा कधी आला?"

"जूनमध्ये," योस्ट बाहेरून म्हणाला.

ड्वेनला सहल सुचली ती सप्टेंबरात.

"रद्द करा," ती म्हणाली. "शनिवार, गुरुवार, सगळं. आम्ही येत नाही."

योस्टने टोपी काढून डोकं खाजवलं. मग त्याचा चेहरा उजळला, एखादं अवघड कोडं सुटावं तसा.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "आम्हालाही तेच खटकत होतं. लग्न मुलीच्या घरीच व्हायला हवं. परक्याच्या नव्हे. तुझं घर कुठे आहे?"

वडीलधाऱ्याने विचारलं की खाली बघून सरळ उत्तर द्यायचं, हे तिच्यात चालायला येण्याच्याही आधी घातलेलं होतं. ती शहरात आली, केस कापले, दंतवैद्याच्या दवाखान्यात रागावलेल्या पेशंटांना आवरायला शिकली. तरी तोंडातून उत्तर गेलंच. रस्ता, इमारत.

"तिसरा मजला," ती म्हणाली, आणि मग तिला कळलं आपण काय केलं.

"जिना आहे?" मलिंडाने मागून विचारलं. तिच्या हातात मातीसकट उपटलेली सेलरीची जुडी होती. "असू दे. चढण्यात एलम चांगलाच होता. उतरताना तेवढी गडबड झाली."

घरी आल्यावर लव्हिनाने ड्वेनला सांगितलं की खोलीत ढेकूण आहेत. त्याला वाईट वाटलं, मग भूक लागली, मग त्याने पोहण्याचा तलाव असलेलं एक मोटेल शोधलं. निरोप पुन्हा आले नाहीत. तिने दाराला दुसरी कडी बसवून घेतली.

"चोर तीन मजले चढून आपल्याकडे येणार?" ड्वेन म्हणाला. "माझा जुना टीव्ही न्यायला? मी त्याला चहा देईन."

बुधवारी रात्री ती खिडकीशी बसून राहिली. खाली गाड्या उभ्या करायची जागा, दिव्याखाली ओला डांबरी चौकोन. करडी गाडी नाही. घोडा नाही. पहाटे कधीतरी तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. खालची जागा तशीच मोकळी होती. दोन्ही कड्या लागलेल्या होत्या. ड्वेन पलंगावर पालथा पडून घोरत होता, दाढी उशीत रुतलेली, तोंड उघडं. तिला इतकं हलकं वाटलं की तिने त्याच्या कानाला चिमटा काढला.

"गुरुवार," ती म्हणाली.

"चालेल," तो झोपेत म्हणाला, आणि दोघं हसले.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. फ्रीज उघडल्याचा आवाज आला.

"लव्ही, एवढी सेलरी कशाला आणलीस?"

ती उत्तर द्यायला निघाली होती. पण न्हाणीघराचं दार उघडं होतं, आणि आतला आरसा वाफेने धुरकटलेला होता.

ड्वेनचा जुना वस्तरा बेसिनच्या कडेला होता. लग्नानंतर त्याने तो कधी हातात घेतला नव्हता. पात्यावरून साबणाचा फेस हळूहळू ओघळत होता.

तिने बेसिनमध्ये बोट फिरवलं. फेस अजून कोमट होता. बोटाला बारीक, नुकतेच कापलेले केस चिकटून आले, वाळल्या गवताच्या रंगाचे.