सातशे नव्वद ग्रॅम

खोटं वाटत असेल तर इथूनच मागे फिरा. मला कुणाची मनधरणी करायची हौस नाही.

हे माझ्या सख्ख्या धाकट्या मामाच्या बाबतीत घडलंय. शेवटचे दोन दिवस मी स्वतः त्याच्या उशाशी होते.

मामा एका प्रयोगशाळेत जनावरं सांभाळायचा. फ्लूवर काम चालायचं तिथे. दुसऱ्या खोल्यांत उंदीर होते, मामाच्या खोलीत फेरेट. मुंगसासारखा दिसणारा लांबुळका प्राणी. त्याला माणसाचाच फ्लू होतो आणि तो शिंकतोही थेट माणसासारखा. मामा म्हणायचा, "आमचे पेशंट घरच्यांपेक्षा बरे. निदान उलटून बोलत नाहीत!"

त्यांच्या नाकात विषाणू सोडायचा. मग रोज वजन करायचं आणि तक्त्यात लिहायचं. एक नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ होता. हजार ग्रॅमचा प्राणी आठशेच्या खाली गेला की त्याचे हाल तिथेच थांबवायचे. लगेच तिथल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलवायचं. त्या इंजेक्शन देऊन त्याला कायमचं झोपवणार.

त्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता सहा नंबरचा फेरेट भरला... सातशे नव्वद.

मामाची बॅग तयार होती. माझ्या नव्या घरी दोन दिवस राहायला यायचं होतं. मामी खाली गाडीत खोळंबली होती. बाईंना बोलवायचं, कागद भरायचे म्हणजे दोन तासांची निश्चिंती.

मामानं पेन काढलं आणि लिहिलं...

आठशे सत्तर.

फेरेट जाळीला नाक लावून बघत होता. दर श्वासाला त्याचं पोट आत ओढलं जात होतं.

"सोमवारी बघू रे तुझं," मामा म्हणाला. दिवा घालवला आणि निघाला.

शनिवार-रविवारी तिथे कुणी वजन करत नाही. अन्नपाणी ठेवून जातात. सोमवारी सहा नंबर पिंजऱ्यात थंडगार पडला होता. मामानं कॅमेऱ्यात मागचं बघितलं. रविवारी दुपारी चारपर्यंत तो श्वासासाठी तडफडत होता.

मामानं कुणाला सांगितलं नाही. अळीमिळी गुपचिळी.

मंगळवारी सकाळी मामी दूध तापवत होती. आतल्या खोलीतून शिंक आली.

एक... दोन... तीन. बारीक, ओलसर.

"अहो, सर्दी झाली का?" मामीनं हाक मारली.

मामा तिच्या मागेच उभा होता. तोंडात ब्रश घेऊन.

दोघांनी आत जाऊन बघितलं. खोलीत कुणी नव्हतं. फक्त मामाच्या उशीला वास येत होता. पिंजऱ्याचा, उग्र.

बुधवारी मामाचं अंग तव्यासारखं तापलं. मामीनं थर्मामीटर लावला. ताप नाही. दुकानातून नवा आणला.

ताप नाही.

आठ दिवसांत मामाची गालफडं बसली. पँट कमरेवर राहीना. मामीनं त्याला वजनकाट्यावर उभं केलं.

बहात्तर किलो. आधी होतं तितकंच.

मामी स्वतः उभी राहिली. तिचं बरोबर दाखवलं. पुन्हा मामा...

बहात्तर.

नेहमीच्या डॉक्टरांनी त्याच्या बोटाला यंत्र लावलं. ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. "ठणठणीत आहात! कामाच्या कंटाळ्यावर माझ्याकडे गोळी नाही हं."

मामी तडकली. "डोळे फुटलेत का तुमचे? माणूस अर्धा झालाय माझा!"

"ताई, जे आहे तेच आकडा दाखवतो."

हे ऐकलं आणि मामा पांढराफटक पडला. त्याला कळलं होतं. त्यानं फेरेटला जसं खोट्या आकड्यानं मारलं, तसंच त्याला मारायचं ठरलं होतं.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टरीणबाई घरी आल्या. हा कामावर का येत नाही ते बघायला. त्यांनी थर्मामीटर मागितलाच नाही. चादर बाजूला केली आणि मामाच्या पोटाकडे बघत राहिल्या. दर श्वासाला ते आत ओढलं जात होतं.

"हे कधीपासून?"

मामा ढसाढसा रडला. सगळं सांगून टाकलं.

बाईंनी चादर पुन्हा त्याच्या अंगावर ओढली. मग म्हणाल्या, "एक फोन करायचा होतात हो मला. दहा मिनिटांत सुटला असता तो."

त्यांनीच गाडीत घालून त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. मी धावत पोचले. एक्स-रे स्वच्छ. रक्त स्वच्छ. उशाच्या मशीनवर अठ्ठ्याण्णव. तिथले डॉक्टर म्हणाले, मनाची भीती आहे, ऑक्सिजन लागत नाही. बाई भांडल्या. मामी पाया पडली. मी तर सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला. ते आपले आकड्याकडे बोट दाखवायचे.

शनिवारी मामानं माझा हात धरला. "पलंगाखाली आहे गं तो. नुसता बघतोय. त्याला घाई नाही."

मी वाकून बघितलं. काही नव्हतं...

वास होता.

"माफी माग ना त्याची," मी म्हटलं.

"रोज मागतोय. त्याला माफी नकोय."

रविवारी दुपारी चार वाजता मामाचं पोट हलायचं थांबलं.

मामी किंचाळली. नर्स आली, मशीन बघितलं. "अहो, झोपलेत ते. सगळं व्यवस्थित आहे की!"

मामाचे पाय गार पडले तरी कुणी ऐकेना. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि त्यांचाच चेहरा उतरला. त्यांनी मामाच्या बोटाची क्लिप काढली.

पडद्यावर अजूनही...

अठ्ठ्याण्णव.

मशीनची वायर भिंतीतून उपटून ते बंद करावं लागलं. असं का झालं, ते आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

एक गोष्ट मी मामीला अजून सांगितलेली नाही. सांगायची हिंमतच नाही. त्या शुक्रवारी पाच वाजता पेन काढण्याआधी मामानं मला फोन केला होता. "उशीर होईल गं, एका जनावराला झोपवायचंय." मी भडकले. जीभच मेली तिखट माझी. म्हटलं, "तुला भाचीपेक्षा ती जनावरं जास्त झाली का? लिही काहीतरी आणि नीघ!"

परवापासून मला धाप लागतेय. दोन पायऱ्या चढवत नाहीत.

काल दवाखान्यात जाऊन आले. घरचे सगळे खूश आहेत.

डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही.