न वाचलेल्या सात ओळी

गंधाली साकीनाक्याच्या ऑफिसात पहिल्या दिवशी आली ती नखशिखान्त भिजून. दारात उभी राहून ओढणी पिळत होती. आतून सुयोग आला, लादीवरचा चिखल बघून म्हणाला, "ये ना आत. चिखल कधीच पोचला, तूच काय ती मागे राहिलीस!"

तेवढ्यावर पोरगी खलास.

दोन वर्षं शेजारी बसली दोघं. शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरनं ओळीनं करायच्या कामांची यादी, लिहायला त्यानंच तिला शिकवलं. "तेच काम दहादा लिहायचं नाही, गं. एकदाच फंक्शन लिहायचं, त्याला नाव द्यायचं. खाली नाव घेतलं की ते कामाला लागतं. नाही घेतलं… तर जन्मभर पडून राहतं बिचारं."

"तुझ्यासारखं," ती म्हणायची.

तो मान खाली घालून हसायचा. देवानं जीभ दिली ती काय नुसती चहा प्यायला? पण नाही! झुरतील, बोलणार नाहीत. तीही तसलीच. बसमध्ये कंडक्टरला सुनावील, याच्यापुढे मूग गिळून गप्प.

मग साहेबांनी विचारलं, हैदराबादच्या नव्या शाखेत कोण जातं? सुयोगनं शुक्रवारपर्यंत मुदत मागितली. जावं लागलंच तर म्हणून, रोज सकाळी सगळ्या शाखांना मेसेज पाठवणारी त्याची स्क्रिप्ट गंधालीच्या हवाली केली.

"नीट वाच हां. ओळ न् ओळ."

"भरवसा नाही माझ्यावर?"

"आहे… म्हणून तर."

जाऊ नकोस, हे तिच्या ओठांवर आलं नि ओठांवरच सुकलं. तो राग तिनं कामावर काढला. कुठलं फंक्शन कुठं वापरलंय, शोधत गेली. एकाचं नाव स्क्रिप्टभर कुठंच घेतलेलं नव्हतं. आत काय आहे हे न बघताच तिनं सातच्या सात ओळी पुसल्या. भारी कामसू!

शुक्रवारी त्यानं विचारलं, "शेवटचं फंक्शन वाचलंस?"

"ते होय? कोणी वापरत नव्हतं. काढून टाकलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. खिडकीवर पाणी ओघळत होतं.

"बरं केलंस," म्हणाला, आणि उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेला.

रविवारी तो हैदराबादला गेलासुद्धा. सोमवारी त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघताना तिला तो चेहरा आठवला. तिनं स्क्रिप्टची जुनी प्रत उघडली, ते फंक्शन चालवलं. तिचाच फोन थरथरला.

"गंधाली, रोज आरेच्या रस्त्यानं सोबत घरी जाऊया का? जन्मभर? — सुयोग."

लिहिल्याची तारीख दीड वर्षापूर्वीची.

तिनं फोन लावला, उचलला नाही. मग त्याच फंक्शनमध्ये स्वतःचा नंबर खोडून त्याचा घातला, दोघांच्या नावांची अदलाबदल केली, आणि पाठवलं.

उत्तर दुपारी आलं. "शुक्रवारी वाट बघितली गं. तू काढून टाकलंस म्हणालीस… तेच उत्तर समजलो. तीन वर्षं इथंच राहीन असं लिहून दिलंय आता."

ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. मग तोंड धुऊन आली आणि त्या सात ओळी होत्या तिथं परत ठेवल्या.

वर्षभरानं नवी आलेली जया म्हणाली, "ताई, हे फंक्शन कुठंच वापरलेलं नाही. काढू?"

"हात तर लाव!" गंधाली कडाडली. मग हळूच म्हणाली, "आधी वाच… मग विचार."

जयानं वाचलं. परत विचारलं नाही.