मथुराबाईचा एकच शब्द

शेकोटीत कापसाची वाळकी पऱ्हाटी सरकवा जरा, अन् ऐका. आपला धर्मपाल, उमरखेडकडं जीप चालवायचा तो, त्याच्यावर गुदरलेली ही गोष्ट.

दोन हजार सहा सालची, डिसेंबरातली अवस. कापसाचे ते वाईट दिवस. रात्री जीप निघाली की लोक आधी विचारायचे, कोणी फवारणीचं औषध पेलं काय? त्या रात्री अकराच्या पुढं धर्मपालला फोन आला. डॉक्टर सदाशिवांच्या बायकोचा, सुचित्राबाईंचा.

"धर्मपाल, साहेबांचं उजवं अंग गेलंय. यवतमाळला न्यायचंय. लगेच ये."

त्यानं चावी घेतली. पण उंबऱ्यातच थबकला.

वर्षापूर्वी त्याच्या मायचं, मथुराबाईचंही उजवंच अंग गेलं होतं. लकवा. तेव्हाही जीप दारात तयार होती. याच डॉक्टरांनी अडवलं. "यवतमाळला कशाला नेतोस? मेंदूला सूज आहे. स्टेरॉइडची सुई देतो. सूज उतरली की उठून बसेल."

रोज सुई सुरू झाली. मायची वाचा गेली होती, एकच शब्द उरला होता. नको. पाणी दिलं तरी नको म्हणायची, अन् घटाघटा प्यायची. सुई पाहून नको म्हणाली, तर डॉक्टर हसले. "तिला दुसरं येतंय कुठं?" मग साखर भडकली, रक्ताच्या उलट्या झाल्या. माय गेली. पुढं यवतमाळच्या एका डॉक्टरनं सांगितलं, असल्या लकव्यात त्या सुईचा उपयोग नाही, झाला तर अपायच.

तरी धर्मपाल गेला.

डॉक्टर पलंगावर पडलेले. तोंड वाकडं. धर्मपालनं वाकून विचारलं, "साहेब, नेऊ ना?"

"नको."

आवाज डॉक्टरांचा नव्हता. मायचा होता.

सुचित्राबाई गोंधळल्या. "अरे, ते तर नाही म्हणताहेत..."

क्षणभर धर्मपालच्या मनात आलं, नको म्हणतोय ना, मग राहू द्यावं इथंच. मग त्याची त्यालाच लाज वाटली. "त्या शब्दाले अर्थ नसते, बाई. मायचंही असंच होतं. धरा पायाकडून."

मागच्या सीटवर डॉक्टरांना आडवं केलं, डोकं सुचित्राबाईंच्या मांडीवर. पुसद मागं पडलं. पुढं घाटात इंजिन बंद पडलं. दिवे गेले. फोनला रेंज नाही. मागंपुढं एक गाडी नाही.

मागून आवाज आला. "नको..." डॉक्टरांचा.

मग दुसरा. "नको..." बाईचा. सुचित्राबाईंचा नव्हे. त्या तर हुंदके देत होत्या.

धर्मपालचं घर बौद्ध. भूतबाधा तिथं कोणी मानत नव्हतं. तोही मानत नव्हता. पण मागं वळून पाहायची छाती झाली नाही.

"माय..."

नजर समोरच्या काचेवरून हलवली नाही.

"माय, सोड त्याले."

त्यानं चावी फिरवून पाहिली. इंजिन मेलेलंच.

"त्याची बाई रडून राह्यली, माय. सोड ना..."

गार श्वास. अगदी कानाशी.

"नको."

या वेळी शब्दाला अर्थ होता.

मग सगळं गप्प... डॉक्टरही.

उजाडलं तेव्हा जीप पहिल्याच चावीत सुरू झाली. डॉक्टर केव्हाच गार पडले होते. धर्मपाल खाली उतरला. रस्त्याकडेच्या धुळीच्या फुफाट्यात, जीपभोवती, अनवाणी पावलं उमटली होती. डावं पाऊल पुरतं. उजव्याची नुसती फरफट. गोल, गोल, जीपभोवती...

आलेलं पाऊल नव्हतं. गेलेलं नव्हतं.